संगणकाचा आवाज कोणाच्या मालकीचा?

(कर्जत व खालापूर तालुक्यांतील शिक्षक, ग्रंथालय कार्यकर्ते आणि युवक यांच्या कर्जत येथे झालेल्या मेळाव्यातील भाषणाचा संपादित मजकूर.)



आजच्या भाषणाचा विषय वाचून आपल्यापैकी काहींच्या मनात एक शंका आली असेल. कर्जत-खालापूरसारख्या तालुक्यांत जमिनीचे, पाण्याचे आणि रोजगाराचे प्रश्न आ वासून उभे आहेत. अशा वेळी अंधांनी कोणती संगणकप्रणाली वापरावी, हा प्रश्न समाजवादी कार्यकर्त्याने हाती घ्यावा इतका महत्त्वाचा आहे काय? शंका रास्त आहे. तिचे उत्तर मी यथाशक्ती देणार आहे. आणि ते उत्तर अखेर मालकीच्या प्रश्नापाशी येऊन पोहोचते, हे प्रारंभीच सांगून टाकतो.

मालकीचा प्रश्न या भागाला कोणी पुस्तकातून शिकवावा लागत नाही. १९१५ साली खोपोलीच्या वीजगृहातून मुंबईच्या गिरण्यांना वीज मिळू लागली. १९२२ साली भिवपुरीचे वीजगृह सुरू झाले. पाणी सह्याद्रीचे, उतार इथल्या डोंगरांचा, तारा ओढल्या त्या इथल्या शेतांवरून. आणि दिवे लागले ते मुंबईत. ज्या ठाकूर-कातकरी वस्त्यांच्या डोक्यावरून या तारा गेल्या, त्या वस्त्यांत वीज यायला पुढे कित्येक दशके जावी लागली. माथेरानचे भाई कोतवाल आणि त्यांचा आझाद दस्ता यांनी १९४२ साली विजेचे मनोरे पाडले आणि २ जानेवारी १९४३ रोजी सिद्धगडावर भाईंनी हौतात्म्य पत्करले. त्यांचा रोख परकीय सत्तेच्या युद्धयंत्रणेवर होता हे खरे. परंतु त्याआधी हाच माणूस शेतकऱ्यांसाठी धान्यकोठारे उभारीत होता आणि खेडोपाडी शाळा काढीत होता, हेही आपण विसरता कामा नये. साधन आपल्या दारावरून जाणे वेगळे आणि ते आपल्या हाती असणे वेगळे, हा या भूमीचा जुना अनुभव आहे. संगणकाच्या बाबतीत अंध बांधवांना नेमका हाच अनुभव आज येत आहे.

पडदा वाचणारा आवाज

अंध माणूस संगणक कसा वापरतो, हे प्रथम समजून घेऊ. पडद्यावरील मजकूर मोठ्याने वाचून दाखविणारी एक आज्ञावली असते. तिला 'स्क्रीन रीडर' म्हणतात. ही आज्ञावली पडद्याकडे माणसासारखी पाहत नाही. पडद्यावर जी जी वस्तू आहे तिचे नाव काय, ती कोणत्या प्रकारची आहे आणि या क्षणी तिची स्थिती काय, एवढी माहिती ती संगणकाच्या मूळ प्रणालीकडून मागून घेते आणि ती माहिती आवाजात किंवा ब्रेलच्या ठिपक्यांत उमटविते. 'अर्ज पाठवा, बटन' असे तिने म्हणावे यासाठी त्या बटनाला कोणीतरी तसे नाव दिलेले असावे लागते. ज्याने संकेतस्थळ घडविले त्याने केवळ चित्र चिकटवून काम भागविले असेल, तर अंध माणसाला 'बटन, बटन, बटन' एवढेच ऐकू येते. डोळस माणसाला लखलखीत दिसणारे पान त्याच्यासाठी नावे पुसलेल्या दारांची चाळ होऊन बसते.

वीस-पंचवीस वर्षांपूर्वी ही अडचण थोड्यांची होती. आज सातबारा संगणकावर आहे, शिष्यवृत्तीचा अर्ज संगणकावर आहे, परीक्षेचे प्रवेशपत्र, बँकेचे खाते, अपंगत्वाच्या ओळखपत्राची नोंदणी, सारे काही तेथेच आहे. अशा स्थितीत ज्याचा पडदा मुका, त्याला आपला सांकेतिक शब्द आणि मोबाइलवर आलेला गुप्त क्रमांक दुसऱ्याच्या स्वाधीन करावा लागतो. तो दुसरा भाऊ असेल, शेजारी असेल किंवा सेवा केंद्रातील अनोळखी इसम असेल. खात्यात किती पैसे आहेत आणि कोठे सही होत आहे, हे मात्र त्यालाच दिसते. आर्थिक व्यवहाराची गोपनीयता हा सुशिक्षितांचा चोचला आहे असे कोणी समजू नये. गरिबाची लूट बहुतेक वेळा कागद वाचता न येण्यातूनच झालेली आहे. सावकाराच्या वहीवर अंगठा उठविणारा शेतकरी आणि दुसऱ्याच्या हाती मोबाइल देणारा अंध तरुण यांच्या परिस्थितीत तत्त्वतः भेद नाही.

२०११ च्या जनगणनेत देशात सुमारे ५० लाख व्यक्तींची दृष्टिदोष असलेल्या म्हणून नोंद झाली. महाराष्ट्रात ही संख्या पावणेसहा लाखांच्या आसपास होती. एवढ्या लोकसंख्येला 'दिव्यांग' हा शब्द डिसेंबर २०१५ मध्ये पंतप्रधानांच्या आकाशवाणीवरील भाषणातून मिळाला. अपंगांच्या अनेक संघटनांनी त्या वेळीच त्याला हरकत घेतली होती. त्यांचे म्हणणे सरळ होते : आमच्या अंगात दिव्यत्व शोधू नका, आमच्या वाटेतले दगड तेवढे उचला.

किंमत आणि खंड

आता अर्थशास्त्राकडे वळतो. पडदा वाचणाऱ्या आज्ञावल्यांत जुनी आणि नावाजलेली म्हणजे 'जॉज'. मोटारसायकल शर्यतींत भाग घेणारे आणि १९७८ साली अपघातात दृष्टी गमावलेले अमेरिकन अभियंते टेड हेंटर यांच्या कंपनीने ती १९८९ साली बाजारात आणली. तिच्या गुणवत्तेविषयी कोणीही शंका घेणार नाही. जगभर असंख्य अंध व्यक्तींना तिने नोकऱ्या मिळवून दिल्या. पण दीर्घकाळ तिची किंमत हजार डॉलरच्या घरात राहिली. म्हणजे संगणकाला जेवढे पैसे पडत, त्याहून अधिक पैसे त्याला वाचा फोडण्यासाठी पडत. डोळस माणसाने एक संगणक घ्यावा आणि अंध माणसाने दोघांची किंमत मोजून एक घ्यावा, असा हा हिशेब होता. अंधत्वावर बसविलेला करच म्हणा ना!

या किमतीचे स्वरूप नीट पाहिले पाहिजे. भाताच्या पोत्याला किंमत असते, कारण प्रत्येक पोत्यामागे जमीन, घाम आणि बियाणे खर्ची पडते. आज्ञावलीचे तसे नाही. ती प्रथम घडविताना श्रम लागतात आणि ते पुष्कळ लागतात. परंतु एकदा घडल्यावर तिची दुसरी किंवा दहा लाखावी प्रत काढायला जवळजवळ काहीच खर्च येत नाही. अशा वस्तूवर प्रत्येक प्रतीमागे जी किंमत आकारली जाते, तिच्यातील काही भाग घडविणाऱ्याच्या श्रमाचा मोबदला असतो आणि उरलेला भाग हा खंड असतो, जमीनदार कुळाकडून घेई तसा. कंपनी अंध व्यक्तीला आज्ञावली विकत नाहीच. ती वापरण्याचा परवाना तेवढा देते. आत काय आहे ते पाहायचे नाही, दुरुस्ती करायची नाही, शेजाऱ्याला द्यायची नाही. कूळकायद्याच्या महाराष्ट्राला ही भाषा अपरिचित वाटू नये.

मोफत आणि मुक्त

या व्यवस्थेला पहिला सैद्धांतिक नकार रिचर्ड स्टॉलमन या अमेरिकन संगणकतज्ज्ञाने दिला. १९८३ साली त्यांनी 'ग्नू' प्रकल्पाची घोषणा केली. आज्ञावली कोणत्याही कामासाठी चालविण्याचे, तिची रचना अभ्यासून ती बदलण्याचे, तिच्या प्रती वाटण्याचे आणि सुधारलेली आवृत्ती इतरांना देण्याचे, अशी चार स्वातंत्र्ये त्यांनी मांडली. इंग्रजीत मोफत आणि मुक्त या दोन्हींना एकच शब्द असल्यामुळे त्यांना आयुष्यभर खुलासे करीत बसावे लागले. आपल्या मराठीत हा घोटाळा नाही. मोफत ते दान असते आणि दाता केव्हाही हात आखडता घेऊ शकतो. मुक्त तो हक्क असतो. धर्मादाय संस्थेने वा कंपनीने समारंभपूर्वक वाटलेला संगणक मोफत असतो. त्यातील आज्ञावलीच्या परवान्याची मुदत संपली की तो पुन्हा मुका होतो आणि त्या वेळी हार-तुरे घेऊन कोणी येत नाही.

मुक्त आज्ञावलीच्या या वाटेवर अंधांनी स्वतः जे उभे केले, त्याचा इतिहास स्फूर्तिदायक आहे. ऑस्ट्रेलियातील मायकेल करन या अंध तरुणाने २००६ साली 'एनव्हीडीए' ही पडदा वाचणारी आज्ञावली लिहायला घेतली. लहानपणी अंध मुलांच्या संगीत शिबिरात भेटलेला त्याचा मित्र जेम्स टेह, तोही अंध, या कामात सामील झाला. अंध माणसाने संगणक वापरण्यासाठी जादा किंमत का मोजावी, हा त्यांचा साधा सवाल होता. २००७ साली त्यांनी त्यासाठी ना-नफा संस्था काढली; मोझिला या मुक्त न्याहाळकाच्या संस्थेने अनुदान दिले. ही आज्ञावली ज्या परवान्याखाली दिली जाते, त्याची अट अशी की तिच्यात बदल करून ती जो वाटेल, त्याने तो बदलही सर्वांना त्याच अटीवर खुला ठेवला पाहिजे. आज ती पन्नासांहून अधिक भाषांत वापरता येते. पेन ड्राइव्हवर घालून ती कोणत्याही विंडोज संगणकावर, काही न बसविता, चालविता येते. संस्थळे किती सुगम आहेत याचा अभ्यास करणाऱ्या 'वेबएम' या अमेरिकन संस्थेच्या २०१९ च्या पाहणीत तिने वापराच्या बाबतीत 'जॉज'ला प्रथमच किंचित मागे टाकले. ज्या विंडोजवर ती चालते ती प्रणाली मात्र कंपनीच्या मालकीची आहे, ही विसंगती आपण लपवून ठेवण्याचे कारण नाही. परक्याच्या जमिनीवर का होईना, विहीर गावाची झाली, एवढा त्याचा अर्थ.

आणि ही केवळ परदेशाची कहाणी आहे असे समजू नका. टी. व्ही. रामन यांचा जन्म १९६५ साली पुण्यात झाला. काचबिंदूमुळे चौदाव्या वर्षी त्यांची दृष्टी गेली. पुणे विद्यापीठात गणित, पवईच्या आयआयटीत संगणकशास्त्र आणि १९९४ साली अमेरिकेतील कॉर्नेल विद्यापीठाची डॉक्टरेट, असा त्यांचा प्रवास आहे. त्यांच्या प्रबंधाचा विषयच मुळी गणिताची समीकरणे आवाजातून कशी मांडावी, हा होता. पुढे १९९५ साली त्यांनी 'ईमॅकस्पीक' तयार केले. स्टॉलमन यांच्या 'ईमॅक्स' या मुक्त आज्ञावलीला त्यांनी आतून वाचा दिली. आतून देता आली, कारण तिची मूळ संहिता उघडी होती; बंद आज्ञावलीला बाहेरून कान लावून जेवढे ऐकू येते तेवढ्यावरच भागवावे लागले असते. अँड्रॉइड मोबाइलवर जो 'टॉकबॅक' नावाचा वाचक असतो, त्याची सुरुवातही २००९ च्या सुमारास रामन आणि चार्ल्स चेन यांच्या गूगलमधील प्रकल्पातून झाली. त्याचप्रमाणे मुंबईचे कृष्णकांत माने या दृष्टिहीन आज्ञावलीकाराच्या पुढाकाराने 'ग्नूखाता' ही हिशेब ठेवण्याची मुक्त आज्ञावली तयार झाली. अंध माणसाने टेलिफोन ऑपरेटर व्हावे, खुर्च्या विणाव्या किंवा फार तर संगीत शिकवावे, ही समाजाची ठरलेली वाटणी होती. येथे एका अंध माणसाने डोळस व्यापाऱ्याच्या वहीखात्याची सोय लावली.

याला एक मोठी पूर्वपरंपरा आहे. लुई ब्रेल हे स्वतः अंध होते. १८२९ साली त्यांनी आपली लिपी प्रसिद्ध केली. तिच्यावर त्यांनी परवाना बसविला नाही. डोळस शिक्षकांना ती पसंत नव्हती; त्यांच्या स्वतःच्या शाळेने ती अधिकृतपणे स्वीकारली ती १८५४ साली, त्यांच्या मृत्यूनंतर दोन वर्षांनी. भारतीय भाषांसाठी एकच ब्रेल असावी असे आपल्याकडे १९५१ साली ठरले आणि 'भारती ब्रेल' सिद्ध झाली. ब्रेल लिपीसाठी कोणाला दरवर्षी खंड भरावा लागत नाही, याचे आपल्याला आज आश्चर्यही वाटत नाही. मग त्याच वाचनाचे साधन संगणकात गेले की त्यावर कोणाची तरी मालकी असणे आपण नैसर्गिक का मानावे?

मुक्त म्हणजे आपोआप सुगम नव्हे

इथपर्यंत ऐकून कोणी म्हणेल की मुक्त आज्ञावली आली की प्रश्न सुटला. तसे नाही, आणि आपल्या चळवळीने हे विशेष लक्षात ठेवले पाहिजे. दोन उदाहरणे देतो.

अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स राज्याने २००५ साली निर्णय घेतला की शासकीय कागदपत्रे यापुढे एका कंपनीच्या बंदिस्त नमुन्यात ठेवायची नाहीत, खुल्या नमुन्यात ठेवायची. निर्णय तत्त्वतः उत्तम होता. पण ज्या मुक्त आज्ञावल्यांत ते कागद उघडायचे, त्या तेव्हा अंधांच्या वाचकांशी नीट बोलत नव्हत्या. शासनाच्या सेवेतील अंध कर्मचाऱ्यांच्या रोजीरोटीचाच प्रश्न निर्माण झाला. अपंगांच्या संघटनांनी कडाडून विरोध केला. मक्तेदार कंपनीला हा विरोध सोयीचा होता यात संशय नाही. पण म्हणून तो विरोध खोटा ठरत नव्हता. पुढे त्या खुल्या नमुन्यात सुधारणा झाल्या आणि २००७ च्या सुधारित आवृत्तीत सुगमतेच्या तरतुदी आल्या. त्या आल्या त्या या भांडणामुळेच. स्वातंत्र्याचा निर्णयसुद्धा ज्यांच्यासाठी घ्यायचा त्यांना विचारून घ्यावा लागतो, हा त्यातील धडा.

दुसरे उदाहरण 'ओर्का'चे. लिनक्स या मुक्त प्रणालीवरील हा वाचक. त्याचे बरेचसे काम सन मायक्रोसिस्टिम्स या कंपनीच्या पगारी अभियंत्यांनी केले. २०१० साली ती कंपनी ओरॅकलने विकत घेतली आणि सुगमतेचे काम करणाऱ्या माणसांना कमी केले. संहिता खुली होती म्हणून ओर्का मेला नाही. इतरांनी तो पुढे चालविला. बंद आज्ञावली असती तर कंपनीबरोबर तीही पुरली गेली असती. परंतु मधल्या काळात तिची देखभाल मोजक्या खांद्यांवर पडली, हेही तितकेच खरे आहे.

आपल्या गावांतील गायरानाची स्थिती आठवा. गायरान सर्वांचे असते. म्हणूनच त्याची राखण कोणाची, हा प्रश्न निर्माण होतो. राखण नसली की एके दिवशी त्यावर कुंपण पडते. कर्जत-खालापूरमध्ये कुंपणे कशी पडतात, हे मी आपल्याला सांगावे असे नाही. मुक्त आज्ञावली हे ज्ञानाचे गायरान आहे. त्याची राखण म्हणजे सतत दुरुस्ती, सतत प्रशिक्षण आणि त्या कामाला सार्वजनिक पैसा. बाजार हे काम करणार नाही, कारण त्यात नफा नाही; आणि केवळ स्वयंसेवकांच्या उत्साहावर ते सोडणे म्हणजे धरणाची भिंत श्रमदानावर सोडण्यासारखे आहे.

मराठीचा आवाज

आता आपल्या भाषेचा प्रश्न. 'जग' हा शब्द घ्या. 'हे जग' म्हणताना ज वेगळा आणि 'तू जग' म्हणताना ज वेगळा. 'चार' आणि 'चारा' यांतील च वेगळे. लिहिताना आपण भेद करीत नाही. वाचताना मराठी माणूस अर्थावरून ओळखतो. हिंदीसाठी घडविलेला आवाज मराठी मजकुरावर चालविला, तर चाक, जाळे, चुलता हे सारे शब्द परके होतात. ज्या अंध मुलाला दिवसाचे पाच-सहा तास हाच आवाज ऐकून अभ्यास करायचा, त्याच्या कानावर त्याची मातृभाषा अशी वेडीवाकडी पडते. शेवटी कंटाळून तो इंग्रजीकडे वळतो, किंवा शिक्षणच सोडतो. डॉ. लोहियांनी भाषेचा प्रश्न हा वर्गाचा प्रश्न आहे असे सांगितले होते. संगणकाच्या आवाजाइतके त्याचे ढळढळीत प्रत्यंतर दुसरे नसेल.

'ईस्पीक' नावाची बोलणारी मुक्त आज्ञावली आहे. एनव्हीडीएबरोबर ती येतेच आणि तिच्यात मराठी आहे. तिचा आवाज यंत्रासारखा, कोरडा आहे. पण तिच्यात प्रत्येक भाषेच्या उच्चाराचे नियम आणि अपवादांचे शब्द साध्या मजकुराच्या धारिकांत लिहून ठेवलेले असतात. ते कोणालाही उघडता येतात आणि दुरुस्त करून पाठविता येतात. कर्जतच्या महाविद्यालयातील मराठीचा प्राध्यापक आणि एखादा अंध विद्यार्थी एकत्र बसले, तर मराठी उच्चारांची दुरुस्ती येथून होऊ शकते आणि ती जगभरच्या मराठी अंधांना मिळू शकते. बंद आज्ञावलीत हे अशक्य आहे. तेथे कंपनीला पत्र लिहायचे आणि मराठीचा बाजार तिला किफायतशीर वाटेल तोपर्यंत वाट पाहायची. केंद्र सरकारने २०२२ साली 'भाषिणी' हा भाषातंत्रज्ञानाचा उपक्रम सुरू केला आहे. त्याबाबत आपली मागणी एकच असावी : जनतेच्या पैशाने जो मराठी आवाज घडेल, तो मुक्त परवान्याखाली जनतेलाच मिळाला पाहिजे.

आणखी एक अडथळा आपण डोळस मराठी माणसांनीच निर्माण केला आहे. १९९१ सालीच युनिकोडमध्ये देवनागरीला स्थान मिळाले. त्याआधीच्या पद्धतीच्या फॉन्टमध्ये लिहिलेला मजकूर डोळ्यांना मराठी दिसतो, पण संगणकाच्या लेखी तो रोमन अक्षरांचा निरर्थक ढीग असतो. वाचक आज्ञावली तो ढीगच वाचते. अशा मजकुराची परिपत्रके, अहवाल आणि पुस्तके आजही कमी नाहीत. कागद स्कॅन करून चित्ररूपाने टाकला तर वाचायला काही उरतच नाही. यावर 'टेसरॅक्ट' नावाची चित्रातून अक्षरे ओळखणारी मुक्त आज्ञावली आहे; एका कंपनीच्या प्रयोगशाळेत तिचा जन्म झाला, २००५ साली ती मुक्त झाली आणि आज ती मराठी ओळखते. जुनी पुस्तके वाचनीय करण्याचे काम तिच्याद्वारे होऊ शकते. कायद्याचीही आडकाठी नाही. २०१२ साली प्रताधिकार कायद्यात दुरुस्ती होऊन अपंग व्यक्तींसाठी सुगम प्रत काढण्याची मुभा मिळाली, आणि अंधांच्या वाचनहक्काचा २०१३ चा माराकेश करार मान्य करणारा पहिला देश भारतच ठरला.

कायदा आहे, अंमल नाही

हक्कांच्या बाबतीत कागदावर आपण मागे नाही. २०१६ चा अपंग व्यक्ती हक्क कायदा १९ एप्रिल २०१७ पासून अमलात आला. इलेक्ट्रॉनिक माध्यमातील मजकूर सुगम असावा, असे त्याचे कलम ४२ सांगते. सेवा देणाऱ्यांनी नियम अधिसूचित झाल्यापासून दोन वर्षांत सुगमता आणावी, असे कलम ४६ सांगते. ती मुदत २०१९ सालीच संपली. नोव्हेंबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने राजीव रतुरी यांच्या याचिकेवर निकाल देताना सांगितले की सुगमतेचे निकष हे शिफारशी असून चालणार नाहीत, ते बंधनकारक असले पाहिजेत. ३० एप्रिल २०२५ रोजी त्याच न्यायालयाने प्रज्ञा प्रसून प्रकरणात डिजिटल सेवा मिळणे हा घटनेच्या २१ व्या कलमातील जीविताच्या हक्काचा भाग मानला. बँक खात्यासाठी कॅमेऱ्यासमोर डोळे मिचकावून दाखवा, अशी अट ज्या यंत्रणेने घातली, तिने अंध नागरिक गृहीतच धरला नव्हता. ही त्या खटल्यामागील वस्तुस्थिती. चित्रातील वाकडी अक्षरे ओळखा मगच पुढे जा, अशी अट घालणारी शासकीय संकेतस्थळे याच जातकुळीची.

आता कोणी विचारेल, कृत्रिम बुद्धिमत्ता चित्राचे वर्णन करून सांगू लागली आहे, मग या खटाटोपाची गरज काय? ते साधन उपयुक्त आहे. ते नाकारण्यात शहाणपणा नाही. परंतु ते बहुतांशी दूरच्या कंपनीच्या यंत्रावर चालते. ते उद्या महाग झाले किंवा बंद झाले तर आपण काय करणार? शिवाय आपली पत्रे, औषधांच्या चिठ्ठ्या आणि बँकेचे कागद त्या यंत्रापुढे धरावे लागतात. साधन नवे, पण प्रश्न जुनाच : चावी कोणाच्या हाती?

आपल्या हातातील कामे

मित्रहो, ठराव पुष्कळ झाले; या दोन तालुक्यांत प्रत्यक्ष करता येण्याजोग्या चार गोष्टी सांगून थांबतो.

पहिली गोष्ट, शोध. कोणत्या वाडीत, कोणत्या पाड्यावर किती अंध आणि अल्पदृष्टी व्यक्ती आहेत, त्यांच्या हाती कोणता मोबाइल आहे आणि त्यातील वाचक त्यांना माहीत आहे काय, याची घरोघर नोंद करावी. ज्या तरुणाच्या खिशातील साध्या फोनमध्ये टॉकबॅक निजलेला आहे आणि ते त्याला कोणी सांगितलेले नाही, त्याच्यापर्यंत पोहोचायला एक पैसाही लागत नाही.

दुसरी, ग्रंथालये, महाविद्यालये आणि शासकीय सेवा केंद्रे यांतील निदान एका संगणकावर एनव्हीडीए बसवून घ्यावे, कानाला लावायचे यंत्र ठेवावे आणि तेथील कर्मचाऱ्याला ते शिकवावे. शिकविणारा शक्यतो अंध असावा आणि त्याला मानधन मिळावे.

तिसरी, पैसा. आपल्या राज्यात स्थानिक स्वराज्य संस्थांनी स्वउत्पन्नाचे ५ टक्के अपंगांच्या कल्याणासाठी खर्च करावयाचे आहेत. ग्रामसभेत उठून हा हिशेब मागा. वस्तूवाटपाचा समारंभ करण्याऐवजी त्यातील काही भाग प्रशिक्षणावर आणि मराठी आवाजाच्या कामावर खर्च व्हावा, असा आग्रह धरा. खोपोलीची नगरपालिका आणि कर्जत-खालापूरच्या ग्रामपंचायती यांनी मिळून एक प्रशिक्षक नेमला, तरी मोठी मजल मारली असे होईल.

चौथी, आपले स्वतःचे घर. समाजवादी चळवळीची पत्रके, नियतकालिके आणि पुस्तके युनिकोडमध्ये आणि वाचनीय स्वरूपात निघाली पाहिजेत. समतेवरील लेख अंध माणसाला वाचता येत नसेल, तर त्या समतेचा परीघ कोठे संपतो हे वेगळे सांगायला नको.

अंध बांधव दया मागत नाहीत. त्यांच्यापैकी ज्यांना साधन मिळाले त्यांनी ते केवळ वापरले नाही, तर घडविले, सुधारले आणि सर्वांसाठी खुले ठेवले. सार्वजनिक मालकी व्यवहारात येऊ शकते काय, अशी शंका आपल्याला नेहमी विचारली जाते. ऑस्ट्रेलियातील दोन अंध मित्रांनी आणि आपल्या पुण्या-मुंबईच्या माणसांनी ती शंका कृतीने निकालात काढली आहे. आता त्यांच्या कष्टाचे फळ कातकरीवाडीतील अंध मुलीपर्यंत तिच्या भाषेत नेऊन पोहोचविणे, हे आपले काम आहे. त्याची सुरुवात येत्या ग्रामसभेपासून करावी, एवढी विनंती करून मी आपली रजा घेतो.